साडेतीन शहाणे आणि एक दीडशहाणा



माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या शाळेत आल्यावर पहिल्याच पालक सभेत मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "तुमच्या मुलांना उत्तम शिक्षा देणे हे माझे कर्तव्य आहे." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! क्षणभर शांतता, मग हशा. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "द्या हो सर, पण जरा बेताने द्या!" दुसरीतल्या मुलाला ठाऊक असलेला शब्द त्या दिवशी पदवीधर माणूस शिकला.

शहाणपणाच्या बाबतीत मराठीचे गणितच वेगळे आहे. दीड हे एकापेक्षा मोठे, पण 'दीडशहाणा' मात्र शहाण्यापेक्षा कमी! जास्तीचा अर्धा आला की आधीचा एकही जातो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आणि दहावा पढतमूर्खाच्या. म्हणजे शिकलेल्यांसाठी त्यांनी वेगळी यादी केली! गंमत अशी, की या याद्या वाचताना आपल्याला शेजारी आठवतो, स्वतःची आठवण कधी होत नाही.

आता 'साडेतीन शहाणे' पाहा. पेशवाईच्या काळातले सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. नाना फडणवीस मात्र अर्धे. कारण सांगतात ते असे, की नानांकडे मुत्सद्देगिरी होती, तलवार नव्हती. पण पुढे काय झाले? विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत मारले गेले. अर्धे शहाणे नाना मात्र १८०० सालापर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, राजकारणात टिकले. आपला कोणता अर्धा भाग कमी आहे, हे त्यांना ठाऊक होते. रणांगणावरचे काम त्यांनी महादजी शिंदे, हरिपंत फडके अशा वीरांवर सोपवले.

हुशारी आणि शहाणपण यांतला फरक पाहायला लांब जायला नको. १७७५ साली राघोबादादांनी आपल्या सुरतेतच इंग्रजांशी तह केला. पेशवेपद मिळवण्यासाठी साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले. डाव हुशारीचा होता. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि दादांच्या वाट्याला पेशवेपदाऐवजी नेमणूक आली!

हे सगळे आठवायचे कारण आपल्या शाळेतलेच आहे. एका मुलाने वर्गात विचारले, "हजीऱ्याला तापीचे पाणी खारट, मग वर सुरतेत गोडे कसे? नदी तर एकच आहे ना?" वर्ग हसला, आणि शिक्षकही हसले. त्यानंतर त्या मुलाने कित्येक महिने हात वर केला नाही. त्याला काही कळत नाही हे आम्हाला परीक्षेच्या निकालावरून कळले.

खरे तर त्याचा प्रश्न इंजिनिअरचा होता. समुद्राच्या भरतीचे पाणी नदीत वर चढते. ते सुरतेच्या पिण्याच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तर सिंगणपोरला नदीवर बंधारा घातला आहे. तेव्हा त्या दिवशी वर्गात शहाणा एकच होता आणि बाकीचे आम्ही सगळे दीडशहाणे होतो!

आपल्यापैकी अनेक पालक इथल्या कारखान्यांत काम करतात. न विचारता फिरवलेला एक व्हॉल्व्ह किती महाग पडतो, हे मी तुम्हाला काय सांगावे? "मला कळले नाही" म्हणायची सवय शाळेत लागली नाही, तर ती पुढे कामावर कशी लागणार?

म्हणून या सत्रापासून प्रत्येक वर्गात 'मला कळले नाही' अशी एक वही ठेवत आहोत. त्यात कोणीही, शिक्षकांनीही, प्रश्न लिहावा. शनिवारी शेवटच्या तासाला त्यावर चर्चा होईल. हसायला पूर्ण परवानगी आहे, फक्त विचारणाऱ्यावर हसायचे नाही. पालकांनीही घरी "आज किती मार्क मिळाले?" याबरोबर "आज काय विचारलेस?" असे जरूर विचारावे.

वहीतली पहिली नोंद मी केली आहे: 'शिक्षा' या शब्दासारखे आणखी किती शब्द मला फसवणार आहेत? उत्तरे जरूर द्या. पण जरा बेताने!

आपला,
मुख्याध्यापक