भूमिगत एक्स्ट्रीम मेटल व पंक ध्वनिमुद्रिका

भूमिगत एक्स्ट्रीम मेटल व पंक ध्वनिमुद्रिका म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या व्यवस्थेबाहेर, वादकांनी स्वतः किंवा छोट्या स्वतंत्र प्रकाशनसंस्थांनी मोजक्या प्रतींत काढलेल्या पंक, हार्डकोअर, थ्रॅश मेटल, डेथ मेटल, ब्लॅक मेटल व ग्राइंडकोअर या शैलींतील ध्वनिमुद्रिका होत. 'भूमिगत' हे विशेषण येथे बेकायदेशीर या अर्थाने नव्हे, तर प्रसिद्धीच्या मुख्य प्रवाहापासून दूर राहिलेले या अर्थाने योजले जाते. तथापि काही राजवटींत अशी मुद्रिका काढणे वादकांना तुरुंगाच्या दारापर्यंत नेणारे ठरले. कोणते संगीत मुद्रित व्हावे, त्यात काय म्हटले जावे आणि ते किती किमतीला विकले जावे, याचा निर्णय ते निर्माण करणाऱ्यांच्या हाती असणे, हे या परंपरेचे मुख्य लक्षण मानले जाते.

शैलींचा परिचय

पंक संगीत १९७०च्या दशकाच्या मध्यास न्यू यॉर्क व लंडन येथे आकारास आले. थोडे स्वर, छोटी गाणी आणि वादनकौशल्याच्या प्रदर्शनाला दिलेला नकार ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्यातून निघालेल्या हार्डकोअर पंकने लय अधिक जलद केली. इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील डिस्चार्ज या बँडच्या ढोलवादनाचा ठेका पुढे इतका अनुकरणीय ठरला, की त्याला 'डी-बीट' असे स्वतंत्र नाव मिळाले.

एक्स्ट्रीम मेटल ही हेवी मेटल आणि हार्डकोअर यांच्या संयोगातून घडलेल्या शैलींची एकत्रित संज्ञा आहे. न्यूकॅसलच्या व्हेनम या बँडच्या १९८२मधील 'ब्लॅक मेटल' या अल्बमवरूनच त्या शैलीचे नाव रूढ झाले. घशातून काढलेला खर्जातील गुरगुराट किंवा किंचाळणारा आवाज, खाली उतरवलेल्या स्वरांतील विद्युत गिटार आणि ढोलांवर अतिशय जलद, एकसलग पडणारे 'ब्लास्ट बीट' हे आघात या शैलींत आढळतात. सरावाशिवाय ऐकणाऱ्यास हा केवळ गोंगाट वाटतो. सवयीने मात्र त्यातील लयीचे बदल व स्वरवाक्ये वेगळी ओळखू येतात.

स्वयंप्रकाशनाचा आरंभ

मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने २९ जानेवारी १९७७ रोजी 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची मुद्रिका 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्याच संस्थेतर्फे प्रसिद्ध केली. त्यासाठी मित्र व कुटुंबीयांकडून ५०० पौंड उसने घेतले गेले आणि आरंभी १,००० प्रती काढण्यात आल्या. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झाले, हेही वेष्टणावर छापले होते. ही नोंद बोलकी होती. ध्वनिमुद्रणाविषयीचे गूढ तिने दूर केले आणि हे काम कोणालाही करता येते, असा संदेश दिला. पुढील वर्षी लंडनच्या स्क्रिटी पॉलिटी या बँडने आपल्या पहिल्या मुद्रिकेच्या वेष्टणावर तिच्या निर्मितीचा खर्च बाबवार छापला. त्यामुळे मुद्रिका हीच पुढच्या बँडसाठी मार्गदर्शिका बनली.

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे इयन मकाय व जेफ नेल्सन यांनी १९८० साली आपल्या 'टीन आयडल्स' या बँडची मुद्रिका काढण्यासाठी डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही संस्था सुरू केली. कार्यक्रमांतून साठलेली रक्कम हेच तिचे भांडवल होते. छापील वेष्टणे कात्रीने कापणे, दुमडणे व चिकटवणे हे काम मित्रमंडळींनी हाताने केले. ही संस्था आजही स्वतंत्र आहे.

इंग्लंडच्या क्रास या अराजकवादी पंक बँडने वेष्टणावर कमाल किंमत छापण्याचा प्रघात पाडला. पुस्तकावर किंवा औषधावर किंमत छापणे भारतीय वाचकाला नित्याचे वाटेल. तेथे मात्र ते विक्रेत्याच्या नफ्यावर बँडने उघडपणे घातलेले बंधन होते.

कॅसेटची देवाणघेवाण

तबकडी काढण्याइतके पैसे नसणाऱ्या बँडांसाठी कॅसेट हे माध्यम निर्णायक ठरले. चार-पाच गाण्यांच्या प्राथमिक ध्वनिमुद्रणाला 'डेमो' म्हणतात. १९८०च्या दशकात युरोप, अमेरिका, ब्राझील व जपान येथील रसिक एकमेकांना टपालाने डेमो पाठवत. एकाने पाठवलेल्या कॅसेटची प्रत काढून दुसरा ती पुढे धाडी. टपालखर्च वाचवण्यासाठी काही जण तिकिटांवर गोंदाचा पातळ थर देत; त्यामुळे वरचा शिक्का धुऊन निघे आणि तेच तिकीट पुन्हा वापरता येई. प्रत्येक नव्या प्रतीगणिक खरखर वाढत जाई. मेटॅलिका या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बँडचा 'नो लाइफ टिल लेदर' हा १९८२चा डेमो याच मार्गाने दूरवर पोहोचला.

या जाळ्याचे सामर्थ्य दाखवणारे उदाहरण म्हणजे मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरातील रिपल्शन हा बँड. त्यांनी १९८६ साली केलेले ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करण्यास कोणतीही कंपनी पुढे आली नाही. परंतु त्याच्या कॅसेटी अटलांटिकपलीकडे गेल्या आणि तेथील तरुण वादकांनी त्या आदर्श मानल्या. इंग्लंडच्या कार्कस या बँडच्या सदस्यांनी १९८९मध्ये आपल्या छोट्या संस्थेतर्फे हेच ध्वनिमुद्रण 'हॉरिफाइड' या नावाने अल्बमरूपात काढले. आज तो ग्राइंडकोअरच्या पायाभूत अल्बमांत गणला जातो. जे संगीत बाजाराने नाकारले, ते ऐकणाऱ्यांनीच हस्ते-परहस्ते टिकवले.

'स्कम' आणि ग्राइंडकोअर

नॉटिंगहॅमच्या इअरेक रेकॉर्ड्स या संस्थेने १९८७ साली नेपाम डेथ या बँडचा 'स्कम' हा अल्बम प्रसिद्ध केला. त्याची पहिली बाजू ऑगस्ट १९८६मध्ये बर्मिंगहॅमच्या एका स्टुडिओत अवघ्या ५० पौंडांत मुद्रित झाली होती. दुसरी बाजू मे १९८७मध्ये मुद्रित झाली, तोवर बँडमधील बहुतेक सदस्य बदलले होते; दोन्ही बाजूंवर वाजवणारा ढोलवादक मिक हॅरिस हा एकटाच होय. अल्बममध्ये २८ गाणी असून 'यू सफर' हे त्यांतील सुमारे १.३ सेकंदांचे गाणे सर्वांत छोटे ध्वनिमुद्रित गाणे म्हणून गिनेस विक्रमांच्या पुस्तकात नोंदले गेले. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी हे संगीत राष्ट्रीय नभोवाणीवर वाजवले व बँडला ध्वनिमुद्रणासाठी पाचारण केले. बंडखोर संगीताला सार्वजनिक माध्यमाने जागा दिल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

नियंत्रण आणि दडपशाही

स्वतःची प्रकाशनव्यवस्था का हवी, याचे उत्तर क्रासच्या १९७८मधील 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड' या पहिल्या मुद्रिकेच्या इतिहासात मिळते. त्यातील पहिली रचना ईश्वरनिंदा करणारी आहे, असे म्हणून आयर्लंडमधील तबकडी-कारखान्यातील कामगारांनी ती छापण्यास नकार दिला. बँडने ती जागा भरून न काढता तेथे दोन मिनिटांची शांतता ठेवली आणि तिला भाषणस्वातंत्र्याचा ध्वनी अशा अर्थाचे शीर्षक दिले. या अनुभवानंतर क्रासने स्वतःची प्रकाशनसंस्था उभारली.

ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असतानाच १९८२ साली साओ पाउलो येथे 'ग्रितो सुबुर्बानो' हा संकलित पंक अल्बम निघाला. त्यातील बँड शहराच्या श्रमिक वस्त्यांतून पुढे आले होते.

पूर्व जर्मनीत सर्व ध्वनिमुद्रिका शासकीय संस्थेतर्फेच निघत. तेथील श्लाइमकाइम या पंक बँडने व ड्रेस्डेनच्या झ्विचरमशीने या गटाने केलेली ध्वनिमुद्रणे सीमेपलीकडे चोरून नेण्यात आली आणि १९८३मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये 'डीडीआर फॉन उंटेन' या नावाने प्रसिद्ध झाली. श्लाइमकाइमने त्यासाठी टोपणनाव घेतले होते. तरीही गुप्त पोलिसांना याची माहिती होती. त्या मुद्रिकेशी निगडित असलेला कवी साशा आंडरसन हा त्यांचाच खबऱ्या होता, हे जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९१मध्ये उघड झाले. या बँडचा प्रमुख डीटर एर्लिश याला अटक भोगावी लागली. येथे एका तबकडीची किंमत पैशांत मोजण्याजोगी नव्हती.

नॉर्वेतील ब्लॅक मेटल

नियंत्रणाचा अभाव नेहमीच निरुपद्रवी ठरला असे नाही. ओस्लोच्या मेहेम या बँडचा गिटारवादक ऑइस्टाइन ऑर्शेथ हा स्वतःची प्रकाशनसंस्था व 'हेल्वेटे' नावाचे ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवीत असे. त्याभोवती जमलेल्या तरुणांपैकी काहींनी १९९२पासून चर्चच्या इमारतींना आगी लावल्या. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळील फान्टॉफ्ट येथील प्राचीन काष्ठचर्च जळून गेले. १० ऑगस्ट १९९३ रोजी ऑर्शेथचा खून झाला व त्याबद्दल वार्ग विकेर्नेस या वादकास १९९४मध्ये २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मेहेमच्या 'दे मिस्टेरीस डोम साथानास' या अल्बममध्ये या दोघांचेही वादन आहे. विकेर्नेसचे वादन काढून टाकावे, अशी ऑर्शेथच्या कुटुंबीयांची विनंती होती. ती मानली गेली नाही.

ब्लॅक मेटलच्या एका उपप्रवाहाने पुढे उघडपणे वंशवादी विचार स्वीकारले, तर पंक व ग्राइंडकोअरमधील मोठ्या वर्गाने फॅसिझमविरोधी भूमिका घेतली. कोणत्या बँडची मुद्रिका काढावी वा विकावी, हा प्रश्न या वर्तुळात म्हणूनच आजही वादाचा आहे. निर्णयाचे स्वातंत्र्य मिळाले, की त्याची जबाबदारीही निर्मात्यावरच येते.

प्रकाशनाचे प्रकार व निर्मिती

डेमोखेरीज सात इंची तबकडी हा या संगीताचा आवडता प्रकार आहे. मिनिटे मोजकी असल्याने ती छोट्या गाण्यांना सोयीची पडते. 'स्प्लिट' म्हणजे दोन बँडांनी एकेक बाजू वाटून घेतलेली मुद्रिका. यात खर्च विभागला जातो आणि एकाचे श्रोते दुसऱ्याला लाभतात. ब्राझीलच्या सेपुल्तुरा या बँडचे पहिले प्रकाशन, १९८५मधील 'बेस्तियल डिव्हॅस्टेशन', ओव्हरडोज या बँडबरोबरची अशीच स्प्लिट होती. ती बेलो होरिझोन्ते येथील कोगुमेलो या संस्थेने काढली. ही संस्था मूळची ध्वनिमुद्रिकांचे दुकान होती.

तबकडी तयार करताना प्रथम लाखेसारख्या लेपाच्या चकतीवर ध्वनीची खाच कोरली जाते. तिच्यावरून धातूचे साचे बनवतात आणि त्या साच्यांमध्ये तापवलेले प्लास्टिक दाबून प्रती काढतात. साचे तयार करण्याचा खर्च प्रतींच्या संख्येनुसार बदलत नाही. त्यामुळे प्रती जितक्या कमी, तितकी प्रत्येक प्रत महाग पडते. कॅसेटला असा आरंभीचा मोठा खर्च नसतो. अल्प प्रतींच्या प्रकाशनांत ती आजही टिकून आहे, याचे हे एक व्यावहारिक कारण होय. कोऱ्या चकत्या बनवणारे कारखाने जगात अत्यल्प आहेत. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत नष्ट झाल्यावर मोठ्या प्रमाणावर त्या पुरवणारी जपानमधील एकच संस्था उरली.

आंतरजालाचा काळ

२००८मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्प या सेवेमुळे बँडांना आपले संगीत जगभर थेट विकता येऊ लागले. आंतरजालावरील विक्रीतून ही सेवा साधारणतः १५ टक्के हिस्सा घेते व उरलेल्यातून व्यवहारशुल्क वजा जाता रक्कम बँडला वा प्रकाशनसंस्थेला मिळते. करोना महासाथीत कार्यक्रम बंद पडले असता, २० मार्च २०२० रोजी आणि पुढे ठरावीक शुक्रवारी तिने आपला हिस्सा सोडला. मात्र ही सेवा २०२२मध्ये एका संगणकीय खेळांच्या कंपनीला व २०२३मध्ये दुसऱ्या कंपनीला विकली गेली. त्यामुळे स्वतंत्र संगीताचे वितरण पुन्हा परक्याच्या निर्णयावर अवलंबून असल्याची जाणीव झाली.

भारत व महाराष्ट्र

मुंबईचा डिमॉनिक रिझरेक्शन हा बँड साहिल मखीजा यांनी २००० साली स्थापन केला. भारतीय मेटलच्या मुद्रिका काढण्यासाठी त्यांनी डिमनस्टीलर रेकॉर्ड्स ही संस्थाही चालवली. बँडचा २०१७मधील 'दशावतार' हा अल्बम विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेला असून त्यात भारतीय वाद्यांचाही उपयोग केला आहे. गटस्लिट हा मुंबईचाच डेथ मेटल बँड असून 'स्क्यूअर्ड इन द स्यूअर' हा त्यांचा पहिला अल्बम २०१३मध्ये निघाला. मुंबईस्थित ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी रेकॉर्ड्स ही संस्था स्वीडन, नेदरलँड्स, पोर्तुगाल आदी देशांतील बँडांचेही अल्बम प्रसिद्ध करते. पूर्वी पाश्चात्त्य मुद्रिकांची वाट पाहणाऱ्या शहरातून आता पाश्चात्त्य वादकांच्याच मुद्रिका जगभर पाठवल्या जातात.

जतनाचा प्रश्न

अल्प प्रतींमुळे या मुद्रिका दुर्मीळ होतात. मेहेमच्या १९८७मधील 'डेथक्रश'च्या पहिल्या आवृत्तीच्या केवळ १,००० प्रती निघाल्या होत्या. संग्राहकांच्या बाजारात अशा प्रतींना मूळ किमतीच्या अनेक पटींनी भाव मिळतो. ज्या परंपरेने वेष्टणावर किंमत छापून नफेखोरी रोखू पाहिली, तिच्याच वस्तू अशा रीतीने चैनीच्या ठरल्या. दुसरीकडे चुंबकीय फीत कालांतराने खराब होते आणि अनेक डेमोंची मूळ फीत उपलब्ध नसते. त्यामुळे पुनर्मुद्रणे तसेच रसिकांनी जपलेल्या कॅसेटींच्या संगणकीय प्रती यांना संशोधनाच्या दृष्टीने महत्त्व आहे. एखाद्या बँडचे पूर्ण कार्य कधी कधी कोणा अनोळखी श्रोत्याने घरच्या खोक्यात ठेवलेल्या एकाच कॅसेटीवर उरलेले असते.