पोरगं वाया गेलं म्हणण्याआधी

मागच्या बैठकीत आमच्या गटात कर्जावरून वाद झाला. मागणारी बाई ऊसतोडीहून नुकतीच परतलेली. शिमग्याच्या आधी तिच्या १५ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं होतं. विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायची, जाळायची आणि आतली तांब्याची तार भंगारात घालायची, हा उद्योग. "चोराच्या आईला कर्ज द्यायचं का?" एकीनं विचारलं, आणि खरं सांगतो, आम्ही बऱ्याच जणी गप्प बसलो.

मग आम्ही त्या पोराचाच हिशेब मांडला. आमच्या बीड जिल्ह्यात मुकादमाची उचल घेतली, की नवरा-बायकोचा कोयता बांधला गेला. दिवाळीनंतर गेलेली माणसं येतात मार्च-एप्रिलला. पोरगा आजीजवळ. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची लांब. एसटी चुकली की खाडा. खाडे वाढले, वर्गात पाणउतारा झाला, त्यानं दप्तर टाकलं. दिवसभर कुठं असतोस, हे विचारायला घरात डोळ्यांनी अधू म्हातारी.

तो असायचा टपरीमागं. तिथली मोठी माणसं त्याला गुटखा देत, मोबाईलचं रिचार्ज मारून देत. कुणाची केबल कापायची ते त्यांनीच सांगितलं. पैसे त्यांनी घेतले, ह्याच्या हातावर २०० रुपये टेकवले. सापडला तो एकटाच.

गरिबीमुळं पोरं चोर होतात, हे आम्हाला पटत नाही. तशी गरिबी आमच्या निम्म्या गावात आहे. शाळा सुटलेलं, घरी कुणी वाट न बघणारं पोर हेरणारा कुणीतरी मोठा माणूस असतो, आणि त्याचं नाव गावात कुणी घेत नाही.

कायदा मात्र घेतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत एक तरी बाई असतेच. मुलाचं नाव, फोटो छापायला बंदी आहे. (आमच्या गावात तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला, आम्हीही पाहिला.) आणि मुलाकडून बेकायदा काम करवून घेणाऱ्या मोठ्या माणसाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुकादमाचा खाड्याचा दंड सोसून ती आई मंडळापुढं आली आणि तिनं टपरीवरची नावं सांगितली.

तिला कर्ज हवं होतं शेळ्यांसाठी. पुढच्या हंगामाला तोडीवर न जाता घरी राहायचं म्हणून. हे तिनं अर्जात लिहिलं होतं, आम्ही वाचलंच नव्हतं.

कर्ज मंजूर झालं. दोघींचा अजून विरोध आहे. मुलगा दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरणार आहे. मागे राहणाऱ्या मुलांची यादी आम्ही सुरू केली आहे, ११ घरं झाली. हंगामी वसतिगृहासाठी ती दिवाळीच्या आत शाळेत द्यायची आहे.