कुडाचे घर

दिवाळी जवळ आली की माकुणसारच्या आमच्या जुन्या घरात शेणमातीचा वास दरवळू लागे. पावसाने ओलावलेल्या भिंती आई पुन्हा लिंपायला घेई.

घर कुडाचे होते. डोंगरातून कारवीच्या काठ्या आणायच्या, त्या उभ्या लावून बांबूच्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण व माती कालवून लिंपायच्या, की झाली भिंत! कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. भिंतीचे आयुष्य मात्र लिंपणाऱ्या हातांवर. पाऊस समुद्राकडून येई, म्हणून त्या अंगाला नारळाच्या झापांचा आडोसा बांधीत.

आमच्या पालघर, डहाणूकडच्या वारली पाड्यांवर अशाच कुडाच्या भिंतींवर गेरू सारवून, तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहीत आल्या. तीच चित्रकला जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भिंती सारवणाऱ्या बायांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

रात्री चुलीतले निखारे आई राखेखाली झाकून ठेवी आणि पहाटे फुंकून जागे करी. दूर आयर्लंडातल्या जुन्या, गवताने शाकारलेल्या घरांतूनही अशीच राखेखाली आग जपत, हे वाचले तेव्हा मला आमची चूल आठवली. तिकडे जळण वाळवलेल्या दलदलीच्या मातीचे, इकडे लाकडाचे. धूर मात्र दोन्हीकडे बाईच्याच डोळ्यांत!

पुढे आम्ही सिमेंटचे घर बांधले. उन्हाळ्यात पंख्याखाली घाम पुशीत मी एकदा म्हणालो, "आई, जुन्या घरात किती गारवा होता!"

ती शांतपणे म्हणाली, "गारवा तुला लागला, सारवण मला."

मी गप्प बसलो. जुन्या घराची इतकी आठवण काढणाऱ्या मी त्याची एक भिंतही कधी सारवली नव्हती.

मागची पडवी तेवढी अजून कुडाची आहे. यंदा दिवाळीआधी मीच शेणमाती कालवली. अर्धी भिंत होईतो खांदे भरून आले. आई उंबरठ्यावर बसून पाहत होती. मोठ्या आशेने मी तिच्याकडे वळलो.

"कोपरे राहिले," ती म्हणाली.