मत्स्यपेटींतील अदृश्य विष

घरांत नवी मत्स्यपेटी येते तो दिवस मुलांच्या दृष्टीनें सणाचाच असतो. कांचेची पेटी मेजावर मांडली जाते, तळाशीं धुतलेली वाळू पसरली जाते, नळाचें पाणी भरतात, हवेचा पंप सुरू होतो, आणि त्याच सायंकाळीं दुकानांतून आणलेले सहा-आठ रंगीत मासे पाण्यांत सोडले जातात. पहिले दोन-तीन दिवस मोठ्या आनंदांत जातात. पुढें मासे खाण्याकडे पाठ फिरवितात, पृष्ठभागाशीं येऊन तोंडाची उघडझाप करूं लागतात, त्यांचे कल्ले लालभडक दिसूं लागतात. आणि आठवडा-दीड आठवडा लोटतो न लोटतो तोंच एक मासा उलटा होऊन तरंगतांना आढळतो. दुसऱ्या दिवशीं दुसरा. घरची मंडळी पाण्याकडे पाहतात, तर तें स्फटिकासारखें निर्मळ! मग कोणी दुकानदारास दोष देतो, कोणी म्हणतो, "आपल्या घराला मासे लाभत नाहींत." मुलें हिरमुसलीं होतात आणि पेटी माळ्यावर जाते.

श्रोतेहो, ह्या मृत्यूंत दैवाचा भाग फार थोडा आहे. नव्या पेटींतील मासे ज्या विषानें बहुधा मरतात त्याचें नांव अमोनिया. तो कोठून येतो, जुन्या पेटींत तो कां आढळत नाहीं, आणि तो वाढला असतां गृहस्थानें काय करावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

नवसागर व चुना एकत्र चोळला असतां नाकाला झोंबणारा जो दर्प येतो तो अमोनियाचा. हा वायु पाण्यांत सहज विरघळतो; आणि माशांस घातक होण्यास जेवढा पुरतो तेवढ्यानें पाण्याला रंग येत नाहीं कीं वास येत नाहीं. आपण खाल्लेल्या प्रथिनांतील टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपानें मूत्रावाटे बाहेर पडतो. माशांची रीत निराळी. बहुतेक मासे तो अमोनियाच्या रूपानें, आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे, पाण्यांत सोडतात. म्हणजे ज्या कल्ल्यांनीं मासा श्वास घेतो त्यांच कल्ल्यांनीं तो हें विषही बाहेर टाकतो. सभोंवारच्या पाण्यांत अमोनिया सांचला कीं रक्तांतील अमोनियास बाहेर पडण्याची वाट राहत नाहीं, आणि बाहेरचा अमोनिया कल्ल्यांच्या नाजूक पडद्यास जाळूं लागतो. न खाल्लेलें खाद्य, सडलेलें पान, वाळूंत दडलेला मेलेला मासा, यांतूनही अमोनियाच निघतो.

आतां थोडें गणित करूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा पेटींत सुमारें ५६ लिटर पाणी मावतें. वाळू व वरची मोकळी जागा वजा जातां ४५ लिटर धरावें. माशांचें नेहमींचें खाद्य एक ग्रॅम घातलें, तर त्यापासून साधारणपणें ३० ते ४० मिलिग्रॅम अमोनियारूप नायट्रोजन पाण्यांत उतरतो. म्हणजे दर लिटरास सुमारें पाऊण मिलिग्रॅम. दररोज एवढें खाद्य घालून पांच दिवस लोटले तर दर लिटरास जवळजवळ चार मिलिग्रॅमांची भर पडते. तळ्यांतल्या माशाभोंवतीं अफाट पाणी असतें, चिखल असतो, वनस्पति असतात. पेटींतल्या माशास मात्र आपण कोंडलेल्या पाण्यांतून कोठें जातां येत नाहीं.

परंतु पाण्यांतील सगळाच अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचीं दोन रूपें असतात : एक मोकळा अमोनिया, जो कल्ल्यांतून सहज आंत शिरतो व खरा घातक असतो; दुसरें त्याचें विद्युद्भारित रूप अमोनियम, जें पुष्कळ सौम्य असतें. कोणतें रूप किती हें पाण्याच्या सामूवर अवलंबून आहे. पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखविणारा जो अंक त्यास सामू म्हणतात. सात हा मध्य, त्याखालीं आम्ल व त्यावर अल्क. पाणी २५ अंश सेल्सियस उष्ण असतां, सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकीं सुमारें अर्धा टक्काच मोकळा असतो. सामू ८ झाला कीं हें प्रमाण पांच टक्क्यांवर जातें. आणि ९ झाला तर तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक. पाणी जसजसें तापतें तसतसें हें प्रमाण आणखी वाढतें. मोकळा अमोनिया दर लिटरास मिलिग्रॅमाचे दोन-पांच शतांश इतका फार दिवस राहिला तरी कल्ल्यांस इजा होते. तलावाचें मृदु पाणी ज्या घरांत येतें तेथें जें प्रमाण मासे कसेंबसें सोसतात, तेंच विंधन विहिरीच्या जड, अल्क पाण्यांत त्यांचा जीव घेतें, याचें कारण हें. एकाच दुकानांतून घेतलेले मासे एका घरीं जगतात आणि दुसऱ्या घरीं मरतात, त्याचाही उलगडा पुष्कळ वेळां यांतच असतो.

मग जुन्या पेटींत, तितकेच मासे व तितकेंच खाद्य असतां, अमोनिया जातो कोठें? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. लंडन शहरीं रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८४९ सालीं त्यानें बारा गॅलनांच्या एका कांचपात्रांत वाळू, चिखल व पाणी घालून दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लाविली. कुजक्या पानांनीं पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या व त्यांनीं तीं पानें खाऊन टाकलीं. पाणी न बदलतां मासे जगले. हा प्रयोग त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केला. घरगुती मत्स्यपेटीचा पाया ज्यांनीं घातला त्यांत हा गृहस्थ अग्रगण्य मानला जातो. त्याचें लक्ष मुख्यतः प्राणवायूच्या देवघेवीवर होतें. चिखलाबरोबर आपण आणखीही कोणी कामकरी पात्रांत आणले आहेत, याची त्याला कल्पना असण्याचें कारण नव्हतें.

त्या कामकऱ्यांचा पत्ता लागला तो १८७७ सालीं, फ्रान्समध्यें. श्लोझिंग व म्यून्झ या दोघां शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडीनें भरलेल्या एका लांब नळींतून गटाराचें पाणी अगदीं संथपणें झिरपूं दिलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. जेवढा अमोनिया वरून जाई तेवढाच खालून येई. मग तो नाहींसा होऊं लागला आणि त्याच्या जागीं नायट्रेट उतरूं लागलें. नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच ही क्रिया थांबली. त्यावरून हें काम निर्जीव वाळूचें नसून तींतील सजीव जंतूंचें आहे असें ठरलें. पुढें इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत याच गोष्टीचा पाठपुरावा करून, अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट अशा दोन पायऱ्यांनीं हें रूपांतर होतें, हें ज्यानें दाखविलें, त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच; तो त्या सोनमासेवाल्या वॉरिंग्टनचा पुत्र! बापानें पेटी मांडली आणि ती कां टिकते याचें मर्म मुलाच्या हातीं लागलें. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे करून दाखविले. अलीकडे या ज्ञानांत आणखी भर पडली आहे. हेंच काम करणारा एक अगदीं निराळ्या कुळांतील सूक्ष्म जीव २००५ सालीं प्रसिद्धीस आला, तो अमेरिकेंतील सिॲटल येथील मत्स्यालयाच्या एका टाकींतच सांपडला. आणि दोन्ही पायऱ्या एकट्यानेंच चढणारा जंतु २०१५ सालीं उजेडांत आला.

हे जंतु पाण्यांत मोकळे फारसे फिरत नाहींत. वाळूचे कण, स्पंज, कांच, पानें यांवर त्यांचा बुळबुळीत पातळ थर बसतो. त्यांना प्राणवायु भरपूर लागतो. आणि त्यांची वाढ फार मंद असते. दूध नासविणारे जंतु अनुकूल स्थितींत अर्ध्या तासांत दुप्पट होऊं शकतात, तर यांना दुप्पट होण्यास आठ तासांपासून एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणूनच नव्या पेटीचा जम बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यांत अमोनिया चढतो. तो उतरूं लागला कीं नायट्राइट चढतें. आणि शेवटीं दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट तेवढें सांचत जातें. तें पुष्कळच निरुपद्रवी असून आठवड्याच्या थोड्या पाणीबदलानें काबूंत राहतें. त्या फ्रेंच नळींतले वीस दिवस आणि आपल्या पेटींतले हे आठवडे ही एकच गोष्ट आहे.

आतां उपायांकडे वळूं. मासे धापा टाकूं लागले कीं प्रथम पाण्याची परीक्षा करावी. अमोनिया मोजण्याचें द्रव मत्स्यसाहित्याच्या दुकानांत मिळतें. नळींतील पाण्यांत त्याचे थेंब टाकून रंग तक्त्याशीं ताडून पाहावा. जम बसलेल्या पेटींत अमोनिया शून्यच दिसला पाहिजे. जरा जरी रंग पालटला तरी ती धोक्याची सूचना समजावी.

पहिला व खरा उपाय म्हणजे पाण्याचा कांहीं भाग बदलणें. अर्धें पाणी काढून तितकेंच नवें घातलें कीं अमोनिया अर्ध्यावर येतो. चाराचे दोन, दुसऱ्या दिवशीं दोहोंचा एक. उतार पडेपर्यंत दररोज चौथा हिस्सा ते अर्धें पाणी असें बदलीत जावें. तळाशीं रबरी नळी धरून पाणी ओढलें म्हणजे सांचलेली घाणही त्याबरोबर निघते. नवें पाणी पेटींतील पाण्याइतकेंच उष्ण असावें आणि त्यांत क्लोरीन नसावा. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवल्यानें बराचसा निघून जातो; घाई असेल तर दुकानांत मिळणारें क्लोरीननाशक द्रव प्रमाणांत घालावें. कांहीं शहरांत क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात. तें नुसतें ठेवून सहसा जात नाहीं, तेथें हें द्रव घालावेंच लागतें.

दुसरा उपाय उपास. निरोगी, वाढ झालेल्या माशास दोन-तीन दिवस अन्न न मिळालें तरी बाधत नाहीं; उलट अमोनियाचा मूळ झराच त्यामुळें आटतो. मुलांना ही गोष्ट समजावून सांगणें कठीण जातें, पण ती सांगितली पाहिजे. पुढेंही दिवसांतून एकदां, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य घालावें. तिसरा उपाय हवा. पंप रात्रंदिवस चालू राहूं द्यावा. रात्रीं आवाज नको किंवा वीज वांचावी म्हणून तो बंद करण्याची चाल घरोघर आहे. त्यानें मासे तर कासावीस होतातच, पण ज्या जंतूंवर सारी भिस्त, त्यांचाही श्वास कोंडतो. चौथी गोष्ट, या काळांत एकही नवा मासा आणूं नये.

अमोनिया उतरल्यावर नायट्राइटची पाळी येते, तीही सोपी नसते. नायट्राइट रक्तांत शिरून त्याची प्राणवायु वाहण्याची शक्ति हिरावून घेतें. रक्त तपकिरी पडतें आणि पाण्यांत प्राणवायु असूनही मासा गुदमरतो. येथेंही पाणीबदल हाच मुख्य उपाय. त्याच्या जोडीला दर लिटरास अर्धा ग्रॅम या मानानें साधें मीठ विरघळवून घातलें, तर मिठांतील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आंत शिरूं देत नाहीं.

काय करूं नये हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. सर्व पाणी ओतून, वाळू उपसून, स्पंज नळाखालीं चोळून धुण्याचा जो उत्साह सुट्टीच्या दिवशीं संचारतो, त्यापासून पेटीला जपलें पाहिजे. आपल्या दृष्टीनें जो बुळबुळीत मळ, तोच तिचा प्राण; क्लोरीनच्या पाण्यानें तो धुतला कीं चार आठवड्यांची तयारी एका सकाळीं वाहून जाते आणि पुन्हां पहिल्यापासून आरंभ. स्पंज फारच तुंबला तर पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. तसेंच सामू उतरविण्यासाठीं लिंबू, व्हिनेगार असले पदार्थ घालूं नयेत. सामूची एकाएकीं चढउतार माशांस सोसत नाहीं, आणि फार आम्ल पाण्यांत हे जंतूही मंदावतात.

ज्यांना अजून पेटी मांडावयाची आहे त्यांनीं हा सारा त्रास मुळांतच टाळावा. कोणा स्नेह्याकडे वर्ष-दोन वर्षांची निरोगी पेटी असेल, तर तिच्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा किंवा मूठभर वाळू ओलीच आणून आपल्या पेटींत घालावी. विरजणाशिवाय दहीं लागत नाहीं, तसाच हा प्रकार. मासे सोडण्यापूर्वीं रोज चिमूटभर खाद्य टाकून जंतूंना पोसावें आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आलेलीं पाहून मगच पहिले दोन-तीन मासे आणावे. उरलेले पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानें. जोमानें वाढणाऱ्या पाणवनस्पति लावल्या तर त्याही अमोनिया शोषून घेतात.

रिकामी पेटी महिनाभर नुसतीच बुडबुडे काढीत राहिलेली पाहून मुलें रोज विचारतील, "मासे केव्हां आणायचे?" त्यांच्या हातीं परीक्षेची नळी द्यावी, रंग ताडून पाहण्यास सांगावें आणि आंकडे वहींत मांडून ठेवावयास लावावें. अंक चढतांना व उतरतांना त्यांना दिसतील आणि कांहीं दिसत नसतांही पाण्यांत काम चाललें आहे हें त्यांना कळेल. मुका प्राणी घरीं आणावयाचा तर त्याच्या आधीं त्याचें घर सिद्ध झालेलें असावें, एवढें त्यांना यांतून उमगलें तर तो महिना फुकट गेला असें कोणी म्हणणार नाहीं. एवढें बोलून मी आपली रजा घेतों.