काही सेकंदांची बारी, वर्षभराचा हंगाम: बैलगाडा टीम नेमकी चालते कशी?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांच्या लोकलमध्ये दादरनंतर हेडफोन कानात टिकत नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना जे विस्कळीत झालं होतं, ते इथे जरा नीट लावलंय.

मागच्या वेळी आपण ड्रॅग रेसवर बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "आपल्याकडे असं काही आहे का?" गाड्यांचं म्हणाल तर लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' होते. पण मला विचाराल, तर महाराष्ट्राची खरी ड्रॅग रेस त्याहून कितीतरी जुनी आहे आणि तिला पेट्रोल लागत नाही. बैलगाडा शर्यत!

आमचं घर लालबागचं. आजोबा गिरणीत होते. आईचं माहेर आंबेगाव तालुक्यात, आणि मामांचा गाडा आहे. लालबाग-परळमध्ये असे खूप जण सापडतील, ज्यांची नोकरी इकडे आणि जीव गावच्या घाटात. २०२२ चा पूर्ण हंगाम मी मामांच्या टीमबरोबर जमेल तेवढा फिरलो. शुक्रवारी रात्री एसटी, सोमवारी सकाळी लॅपटॉपसमोर. त्या हंगामाच्या आधाराने हा खेळ समजावून सांगतो.

आधी ड्रॅग रेसची उजळणी

सरळ रस्ता, ठरलेलं अंतर, थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात. पारंपरिक अंतर पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर. अमेरिकेतल्या सगळ्यात ताकदवान 'टॉप फ्युएल' गाड्या २००८ पासून १००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटरच पळतात, कारण त्या वर्षी झालेल्या एका जीवघेण्या अपघातानंतर अंतर कमी केलं गेलं. हे अंतर त्या ४ सेकंदांच्या आत कापतात. आणि प्रत्येक फेरीनंतर टीम इंजिन उघडते, खराब झालेले भाग बदलते आणि पुढच्या फेरीला उभी राहते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घाट, बारी आणि चार बैल

महाराष्ट्रात शर्यतीचा एकच प्रकार नाही. सातारा-सांगलीकडे मोकळ्या मैदानात अनेक गाड्या शेजारी-शेजारी पळतात. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. विदर्भात शंकरपट, तिथे बैलजोडी पळते. अलिबागकडे समुद्राच्या वाळूत शर्यती होतात. आणि आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ भागात घाट.

घाट म्हणजे खंडाळ्याचा घाट नव्हे. शर्यतीसाठी तयार केलेली चढाची सरळ धावपट्टी. एका वेळी एकच गाडा पळतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. गाडा म्हणजे हलका लाकडी छकडा, त्याला चार बैल: एक जोडी पुढे, एक मागे. बैलांच्या पुढे घोडी पळते, तिच्यावर स्वार असतो. निशाण पडलं की घड्याळ सुरू, वर पोचलं की बंद. काही सेकंदांत सगळा कारभार आटोपतो. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी होते, आणि वेळेनुसार गाडा पहिल्या नंबरात बसतो की दुसऱ्या, ते ठरतं. दिवसातला सगळ्यात वेगवान गाडा 'घाटाचा राजा'.

आता इंजिनिअरच्या भाषेत सांगतो. चार बैलांचा गाडा म्हणजे चार सर्व्हरची सिस्टीम. तीन कितीही फास्ट असू देत, चौथा मागे राहिला की सगळ्यांचा वेग त्याच्यावर अडतो. म्हणून चार सुपरस्टार बैल आणले की झालं, असं होत नाही. चौघांची चाल जुळावी लागते. पुढच्या जोडीला घोडीच्या मागे बेधडक जाणारा बैल हवा, मागच्या जोडीला छकडा सरळ ठेवणारा हवा. चारही चांगले बैल एकाच मालकाकडे असतील असं नसतं, म्हणून दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र करून गाडा पळवतात. याला जुगलबंदी म्हणतात. शब्द गाण्यातला वाटतो, आणि अर्थही तसाच आहे. सूर जुळले तर मैफल, नाही तर भांडण.

दहा वर्षांची रिकामी जागा

२०२२ चा हंगाम वेगळा का होता? ११ जुलै २०११ ला केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली आणि खेळासाठी ज्या प्राण्यांचं प्रदर्शन किंवा प्रशिक्षण करता येत नाही, त्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. कारण स्पष्ट होतं: प्राण्यांना होणारा त्रास. शेपटी पिरगाळणं, टोचणं, मारणं. हे सगळं हवेतलं नव्हतं. जुन्या काळी घाटात गेलेला कुणीही प्रामाणिकपणे सांगेल की हे व्हायचं.

२०१७ मध्ये तमिळनाडूपाठोपाठ महाराष्ट्राने कायद्यात बदल केला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या फोर्टातल्या उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठवली, अटींसह.

आता विचार करा. बैलाचं वय दातांवरून बघतात. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. २०११ मध्ये जो आदत होता, तो २०२१ पर्यंत म्हातारा झाला. म्हणजे बैलांची एक अख्खी पिढी अधिकृत घाट न बघताच निघून गेली. घोडीवर बसणारी पोरं नोकरीला लागली. एखादी रेसिंग टीम दहा वर्षं गॅरेज बंद करून बसली आणि एक दिवस कुणीतरी म्हणालं, "चला, उद्या रेस", तसं झालं.

चढ आणि उतार

निकाल आला त्या रात्री मामांचा फोन आला. एरवी ते दोन मिनिटांत फोन ठेवतात, त्या दिवशी अर्धा तास बोलले. १ जानेवारी २०२२ ला आमच्याच तालुक्यात लांडेवाडीला शर्यत ठरली होती. गावोगावचे गाडे तयार होते, आणि करोनामुळे ऐन वेळी परवानगी रद्द झाली. हंगाम सुरू होण्याआधीच पहिला उतार.

फेब्रुवारीत पहिली बारी मिळाली. पुढच्या जोडीत मामांचा सोन्या होता, चार दाती खिल्लार. घरच्या रानात वाऱ्यासारखा पळणारा. पण त्याने आयुष्यात कधी लाऊडस्पीकर ऐकला नव्हता, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत बघितली नव्हती. निम्म्या घाटात तो बिचकला आणि बाजूला ओढायला लागला. वेळ कुठल्याच नंबरात बसली नाही. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "त्याला काय ठाऊक, ही माणसं कशाला ओरडतात."

पुढचे दोन महिने टीमने काय केलं? वेगावर कामच केलं नाही. सोन्याला आठवडी बाजारातून फिरवलं, स्पीकर लावून गोठ्यात गाणी वाजवली, विहिरीत पोहायला लावून दम वाढवला. पेंड, भरडा, दूध हा खुराक चालूच. आणि शेजारच्या गावातल्या एका मालकाशी जुगलबंदी ठरली. त्यांची मागची जोडी अनुभवी होती.

चैत्रात यात्रा सुरू झाल्या आणि गाडा बदलला. आधी दुसऱ्या नंबरात, मग पहिल्या नंबरात, आणि हनुमान जयंतीनंतरच्या एका छोट्या यात्रेत घाटाचा राजा! गुलालाने माझा ऑफिसचा शर्ट कायमचा गेला. मामेभावाने व्हिडिओ टाकला, तो आमच्या चाळीच्या ग्रुपवर माझ्या आधी पोचला होता.

मे महिन्यात बक्षिसं मोठी होतात. त्या वर्षी पिंपरी-चिंचवडमध्ये तर पहिल्या क्रमांकाला जेसीबी होता. आमचा घाट तेवढा मोठा नव्हता, पण टीमसाठी हंगामातला सगळ्यात मोठा होता. गाडा फायनलला पोचला. दोन बाऱ्यांच्या मध्ये मामांनी सोन्याला चालवून बघितलं आणि तो पुढचा उजवा पाय जरा जपून टाकतोय असं त्यांना वाटलं. मला काहीच दिसलं नाही. डॉक्टरांनी पाय चाचपला, म्हणाले, "मोडलेलं काही नाही, पण आज विश्रांती द्या."

इथे खरी गंमत संपली. भागीदार म्हणाले, "एकच बारी आहे, काही सेकंदांचा प्रश्न आहे." मामेभाऊ म्हणाला, "आबा, वर्षभराचा खर्च निघेल." दोघांचंही चुकत नव्हतं. बैलांचा खुराक, टेम्पोचं भाडं, पोरांचं जेवण, सगळं उसनवारीवर चाललं होतं. मामांनी काही भाषण दिलं नाही. सोन्याची वेसण धरली आणि त्याला टेम्पोकडे घेऊन गेले. भागीदारांनी दुसरा बैल मागून आणला, गाडा पळवला आणि नंबरात आणला. आमची जुगलबंदी त्या दिवशी तुटली. मामेभाऊ आठ दिवस वडिलांशी बोलला नाही.

पावसाळ्यात घाट बंद. सप्टेंबरमध्ये परत सराव सुरू करायचा, तर लम्पी आला. जनावरांच्या अंगावर गाठी येणारा हा आजार राज्यभर पसरला, आणि सरकारने जनावरांची वाहतूक, बाजार, शर्यती सगळं थांबवलं. मामांच्या गोठ्यातल्या दुसऱ्या बैलाला गाठी आल्या. तो वाचला, पण पळण्याइतका परत कधी उभा राहिला नाही. त्या महिन्यात शर्यतीचा विषयच कुणी काढला नाही.

मग फरक कुठे आहे?

आता ते टॉप फ्युएलचं वाक्य आठवा. तिथे फेरीनंतर इंजिन उघडतात आणि भाग बदलतात. इथे इंजिनला पाय आहेत, ताप येतो, आणि दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. सगळा वाद, सगळे कोर्टनिकाल या एका वाक्याभोवती आहेत.

म्हणून नियम आले: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, काठी-चाबूक-शॉकला बंदी, जास्तीत जास्त १००० मीटर अंतर. १८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राचे कायदे वैध ठरवले. आमच्याकडे फटाके वाजले. पण कायदा वैध ठरला म्हणजे घाटात सगळं आपोआप ठीक झालं, असं नाही. नियम कागदावर राहिले तर पुढची याचिका लांब नाही.

माझं एक निरीक्षण सांगतो, पटलं तर घ्या. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसमध्ये हंगामभर गुण साठतात. एक रेस सोडली तरी वर्ष बुडत नाही. आपल्याकडे प्रत्येक घाट स्वतंत्र. आज पळाला तर बक्षीस, नाही पळाला तर शून्य. अशा रचनेत लंगडणाऱ्या बैलाला थांबवणाऱ्या माणसाला काहीच मिळत नाही, उलट तो वेडा ठरतो. चांगुलपणा मालकाच्या स्वभावावर सोडला, तर तो दर घाटात सापडेलच असं नाही. तालुक्यापुरती का होईना, हंगामाची गुणतालिका केली, आणि डॉक्टरांनी थांबवलेल्या बैलाच्या गाड्याला पुढच्या घाटात हक्काची बारी दिली, तर 'नाही' म्हणणं मालकाला परवडेल. हे करायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही, एक साधी शीट पुरते.

सोन्या आता जुळला, म्हणजे त्याचे सगळे दात आलेत. २०२३ मध्ये तो परत पळाला, नव्या जुगलबंदीत, आणि दोनदा पहिल्या नंबरात आला. राजा काही झाला नाही. मामांचं उसनं अजून पूर्ण फिटलेलं नाही. मामेभाऊ मात्र आता बारीच्या आधी स्वतः सोन्याला चालवून बघतो, चारही पाय, दोन वेळा.

पुढच्या वेळी तुमच्या फीडमध्ये घाटाचं रील आलं, तर फक्त घड्याळ बघू नका. बारी संपल्यावर बैल थांबतात कसे, त्यांच्यापाशी कोण धावतं आणि त्याच्या हातात काय असतं, ते बघा. टीम कशी आहे ते तिथे कळतं.

तुमच्या गावाकडे कुठला प्रकार चालतो, घाट, मैदान की शंकरपट? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू!