पीक वाढले, हे कशावरून ठरवावे?

महोत्सवी स्मरणिका म्हटली की तिच्यात संस्थेचा इतिहास, देणगीदारांची नामावली आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव ही हक्काची पाने असतातच. त्यांच्या जोडीला सभासदांच्या संसाराला उपयोगी पडेल असा एखादा लेख असावा, ही चालक मंडळींची सूचना आम्हाला मनापासून पटली. विषय शोधायला फार लांब जावे लागले नाही. थंडी पडू लागली की सुरतेत तापीकाठी पोंकाची दुकाने मांडली जातात. कोवळ्या ज्वारीची कणसे शेकून झोडलेला हिरवागार दाणा, त्यावर लिंबू-मिरीची शेव. मुले त्याला 'पोंक' म्हणतात, घरातली वडीलधारी माणसे 'हुरडा' म्हणतात. दाणा मात्र एकच. या दाण्याची वाढ आणि उत्पन्न सुधारण्यासाठी शेतावर जे संशोधन चालते, त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांचे बिऱ्हाड सुरतेत, पण मूळ घर खानदेशात. गावची दोन-चार एकर जमीन भाऊ नाही तर काका कसतात, आणि पेरणीच्या दिवसांत बियाणे-खतासाठी पैसे येथून जातात. साहजिकच 'यंदा कोणते बी घ्यावे?' हा प्रश्न गावच्या पारावर पडतो तसाच लिंबायत-उधन्याच्या खोलीतही पडतो. त्याचे उत्तर चुकले तर वर्षाची भाकरी आणि कडबा दोन्ही हातचे जातात.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचेच उदाहरण घ्या. त्यांनी शिवेवरच्या एका वावरात डोक्याएवढी डौलदार ज्वारी पाहिली, बियाण्याचे नाव विचारून घेतले आणि पुढच्या वर्षी आपली सगळी पाच एकर जमीन त्याच बियाण्याने पेरली. पीक बेताचेच आले. मागाहून चौकशी केली तेव्हा कळले, की त्या शिवेवरच्या वावरात आदल्या उन्हाळ्यात मेंढ्या बसविल्या होत्या. जे श्रेय लेंडीखताचे होते, ते बियाण्याला दिले गेले! यात कुणी कुणाला फसविले नव्हते. डोळ्यांनी जे पाहिले तेही खरेच होते. पण पिकाच्या वाढीला एकाच वेळी दहा कारणे असतात, आणि त्यांतले नेमके कोणते फळाला आले हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही.

ही कारणे वेगवेगळी करून पाहणे, हेच शेती-संशोधनाचे काम. आपल्या सुरतेला त्याची परंपरा जुनी आहे. अठवा फार्मचे नाव सर्वांच्या कानावरून गेलेले असते. येथील सरकारी प्रयोगक्षेत्राचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. कापसाची जगातील पहिली व्यापारी संकरित जात 'हायब्रिड-४' ही १९७० साली येथेच डॉ. सी. टी. पटेल यांनी दिली. हे काम आज नवसारी कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि कापसाच्या शेजारीच ज्वारीचेही मोठे संशोधन केंद्र तेथे आहे.

अशा केंद्रावर नवे वाण जुन्याशी कसे ताडून पाहतात? रीत समजायला अवघड नाही. तिचे नियम तीन आहेत. पहिला नियम तुलनेचा. नव्या वाणाशेजारी परिसरातील चांगले रुळलेले वाण त्याच दिवशी, त्याच खतावर, त्याच अंतरावर पेरावयाचे. जोडीला तुलना नसेल तर 'एकरी इतके पोती आली' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरा नियम पुनरावृत्तीचा. एकाच वावरात बांधाकडची माती हलकी, मधली भारी, आणि पाणी साचते ती जागा आणखी निराळी असते. म्हणून प्रत्येक वाणाला एकच तुकडा न देता, तीन-चार ठिकाणी लहान लहान वाफे देतात.

तिसरा नियम चिठ्ठीचा, आणि गंमत अशी की तो शहाण्या माणसालाच पटावयाला जड जातो. कोणता वाफा कोणत्या वाणाला द्यावयाचा हे प्रयोग करणाऱ्याने ठरवावयाचे नाही. ते चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे. कारण माणूस कितीही प्रामाणिक असला तरी लाडक्या वाणाला नकळत बरी जागा देतोच. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून शेतावरचे प्रयोग चालू होते. परंतु १९१९ साली तेथे आलेल्या रोनाल्ड फिशर यांनी चिठ्ठीच्या या नियमाला शास्त्राचे अधिष्ठान दिले. तेव्हापासून जगभरचे शेतीप्रयोग याच पायावर उभे आहेत.

हे शास्त्र भारताच्या शेतापर्यंत आणण्यात दोन मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे, हे आपल्या तरुण मंडळींना ठाऊक असावे. एक विनायक गोविंद पानसे, ज्यांनी इंदूरच्या संस्थेत कापसाच्या पैदाशीला संख्याशास्त्राची जोड दिली. दुसरे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. या दोघांनी मिळून लिहिलेला, शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राच्या पद्धती सांगणारा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या अभ्यासला गेला.

त्यांचे दुसरे काम तर थेट आपल्या बांधापर्यंत येते. पूर्वी पिकाचा अंदाज आणेवारीने होई. अधिकारी पिकाकडे पाहून ते सोळा आण्यांपैकी किती आणे आले ते सांगत. १९४० नंतरच्या दशकात सुखात्मे व पानसे यांनी कापणी करून प्रत्यक्ष वजन घेण्याची पद्धत देशात रुजविली. गाव चिठ्ठीने निवडावयाचे, वावर चिठ्ठीने, आणि वावरातली जागाही चिठ्ठीनेच. तेथे बहुतेक पिकांसाठी दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद चौकट आखावयाची, तेवढेच पीक कापून, मळून, तोलावयाचे. हाच तो 'पीक कापणी प्रयोग'. पीकविम्याच्या भरपाईपर्यंत त्याचा संबंध पोहोचला आहे.

ही चौकट एवढी मोठी कशासाठी? इतर काही जण अगदी लहान चौकटी वापरीत. सुखात्मे यांनी दाखवून दिले, की चौकट फार लहान असली तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कारण दोरीवर येणारे ताट आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. दहा-पाचच्या चौकटीचे क्षेत्र पन्नास चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. चौकटीत अर्धा किलोची चूक झाली तर हिशेबात हेक्टरी एक क्विंटलची चूक होते! दोरी ताणून धरणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणावर केवढे ओझे आहे, ते यावरून समजेल.

आता ज्वारीकडे वळू. ज्वारीचे फूल अतिशय बारीक, आणि एका कणसात ती हजारोंनी असतात. कापसासारखे एकेका फुलातील पुंकेसर हाताने काढून संकर करणे मोठ्या प्रमाणावर शक्य नाही. १९५४ साली अमेरिकेतील टेक्सस राज्यात स्टीफन्स व हॉलंड यांनी ज्याचे पराग वांझ असतात अशा ज्वारीचा मार्ग दाखविला. मग अशा ताटांच्या ओळींशेजारी दुसऱ्या वाणाच्या ओळी पेरल्या की संकराचे काम वारा करतो. या मार्गाने १९६४ साली भारतात सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. ती ठेंगणी आणि लवकर येणारी होती. खत दिले तर उंच देशी ज्वारीसारखी लोळत नसे. पुढे १९६९ पासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात सुरत, अकोला, परभणी, राहुरी, धारवाड अशा केंद्रांवर तेच ते वाण एकाच पद्धतीने ताडून पाहिले जाऊ लागले. सुरतेच्या काळ्या चिकण जमिनीत आणि भरपूर पावसात जे वाण उत्तम ठरते, ते राहुरीच्या कोरड्या हवेत उत्तम ठरेलच असे नाही, हे त्यातून उघड होते.

मात्र या कथेला दुसरी बाजूही आहे. लवकर पिकणाऱ्या खरीप संकरित ज्वारीचे कणीस पाऊस चालू असतानाच भरते, त्यामुळे दाण्याला बुरशी लागून तो काळा पडतो. ठेंगण्या ताटाचा कडबाही कमी निघतो. रब्बीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवड पद्धतीने काढलेली 'मालदांडी ३५-१' आजही रब्बीत मानाने पेरली जाते, आणि नव्या वाणांना तिच्याशीच सामना द्यावा लागतो. तिची भाकरी गोड, दाणा टपोरा, कडबा जनावरे आवडीने खातात. केवळ धान्याचे वजन करणाऱ्या तराजूला यातले बरेचसे दिसत नाही. गोठ्यात दोन बैल व एक म्हैस बांधलेली असेल, तर कडबा हेही पीकच होय. आणि कळण्याची भाकरी थापणाऱ्या गृहिणीचे मत हाही प्रयोगाचा एक आकडाच होय.

मग आपण घरी काय करावे? बियाणे बदलू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की पहिल्या वर्षी सगळे वावर नव्या बियाण्याने पेरू नये. एका कडेला नव्या-जुन्या वाणांच्या पट्ट्यांच्या चार जोड्या घालाव्या. प्रत्येक जोडीत कोणती पट्टी नव्याला द्यावयाची, हे नाणे उडवून ठरवावे. खत, पेरणीची तारीख, निंदणी सर्व सारखे ठेवावे. कापणीला बांधाकडची तासे सोडून, प्रत्येक पट्टीत दहा-पाचची चौकट आखून दाणा निराळा तोलावा आणि कडबाही निराळा तोलावा.

समजा, जुन्या वाणाचे दाणे चार चौकटींत ११, ९, १२ व ८ किलो भरले, आणि शेजारच्या नव्याचे १२, ११, ११ व १० किलो. सरासरीने नवे वाण एक किलोने पुढे आहे; म्हणजे हेक्टरी दोन क्विंटल. ऐकायला गोड वाटते. पण जुन्याच वाणाच्या चौकटींत आपापसात चार किलोंचा फरक आहे, आणि एका जोडीत तर जुनेच सरस ठरले. अशा वेळी निर्णय घेऊ नये; प्रयोग पुन्हा करावा. याउलट नवे वाण चारही जोड्यांत पुढे राहिले, तर आशेला जागा आहे. तरीही नाणे चार वेळा उडवून चारही वेळा छापा पडण्याचा संभव सोळांत एक असतोच. तेवढ्यासाठी आणखी एक हंगाम वाट पाहावी. एक हंगाम थांबल्याने फार बिघडत नाही. चुकीच्या बियाण्याने पाच एकर पेरली तर मात्र वर्ष बुडते.

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. एक दोरी, एक तराजू, एक नाणे आणि एक वही पुरते. सुटीत गावी जाणाऱ्या आपल्या शाळकरी मुलांना हे काम अवश्य सांगावे. चौकट आखताना दोरीवरचे ताट आत ओढावयाचे नाही, आणि आकडा जसा येईल तसाच लिहावयाचा, ही शिस्त त्यांना शेतीतच नव्हे तर आयुष्यातही उपयोगी पडेल.

पुढच्या हिवाळ्यात तापीकाठी पोंक खाताना कुणी सभासद अशी वही खिशातून काढून आकडे दाखवील, तर हा लेख लिहिल्याचे आम्हाला सार्थक वाटेल.