सोलकढीची ओळख

परमुलखांत गेलेल्या मनुष्यास तेथील डोंगर व समुद्र पाहतांच आवडतात. परंतु तेथील अन्न आवडण्यास थोडा विचार लागतो. डोळे नवें पाहण्यास सदा उत्सुक असतात, जीभ मात्र घरची चव बरोबर घेऊन फिरते. आम्हां घाटावरील मंडळीस ह्याचा अनुभव रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोलीजवळच्या मुरुड गांवीं आला. महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांचें हें गांव. दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पलीकडे समुद्र, असें त्याचें रूप आहे.

तेथें भाताबरोबर पानांत गुलाबी रंगाची सोलकढी आली. कढी म्हटली म्हणजे ताक, डाळीचें पीठ व चुलीवरची उकळी, एवढेंच आम्हांस ठाऊक. ही तर थंडगार! प्रथम आंबट, मग नारळाची गोडी आणि शेवटीं लसूण-मिरचीचा झणका. ‘हें ताक नव्हे आणि सरबतहि नव्हे,’ असें म्हणून कित्येकांनीं वाटी बाजूस सारिली. परंतु सोलकढीस ताकाचें माप लावणें हाच मुळीं अन्याय होय.

कोंकणांत ताकाची जागा नारळाच्या दुधानें कां घेतली, हें तेथील भूमीकडे पाहिल्यास कळतें. कोंकणचा पाऊस दांडगा. तो जांभ्या जमिनीचें सत्त्व धुवून नेतो, त्यामुळें चारा निकस होतो आणि गांवठी गुरें लहान चणीचीं व दुधास बेताचीं राहतात. उलट, किनाऱ्याच्या वाळूमिश्रित जमिनींत नारळ उत्तम पोसतो. तेव्हां वाडींत जें पिकतें त्याचेंच दूध काढावें, ही येथील गृहिणींची युक्ति होय.

कृति सोपी आहे. ओलें खोबरें लसूण, मिरची व जिरें ह्यांसह वाटावें, कोमट पाणी घालून पिळावें आणि त्या दुधांत आमसुलांचें पाणी व मीठ मिसळावें. ही कढी उकळीत नाहींत. उकळल्यास नारळाचें दूध फुटतें. बिनकल्हईच्या पितळी भांड्यांतहि ती ठेवूं नये. आंबटामुळें ती कळकते.

आमसुलें होतात रातांब्यांचीं, म्हणजे कोकमाच्या फळांचीं. तीं उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. बिया काढून साली त्यांच्याच रसांत भिजवितात, उन्हांत वाळवितात, पुन्हा भिजवितात व पुन्हा वाळवितात. मीठ घालून टिकविलेला रस तो आगळ. बियांतून निघणारें भिरंडेल भेगाळलेल्या पायांस लावितात. मात्र हें सर्व मृगाच्या सरींपूर्वीं उरकावें लागतें. पाऊस लवकर आला तर झाडावरचें फळ कुजतें आणि वाळत घातलेल्या साली बुरसतात.

कोकमाचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असतात. बी पेरल्यास सुमारें निम्मीं रोपें नर निघतात, आणि फुलोरा येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षें, तें ओळखतां येत नाहीं. म्हणून चांगल्या मादी झाडाचें कलम करितात. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘कोंकण अमृता’ ही जात निवडून बागायतदारांस दिली आहे.

नारळासहि असाच धीर लागतो. उंच जातीचा माड फळावर येण्यास सहा-सात वर्षें लागतात. 3 जून 2020 रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळानें दापोलीच्या किनाऱ्यावरील असंख्य माड व पोफळी एका दिवसांत आडव्या केल्या. लोकांनीं पुन्हा रोपें लाविलीं, तीं मोठीं होईपर्यंतचीं वर्षें डोळ्यांपुढें ठेवूनच. यजमान आपल्यापुढें वाटी ठेवितो तेव्हां इतक्या वर्षांची राखण तींत असते.

विद्यार्थी मित्रहो, सुटींत परगांवीं गेलां आणि पानांत अनोळखी पदार्थ आला, तर नाक मुरडण्यापूर्वीं दोन गोष्टी विचारा: हें येथें कां पिकतें, आणि तें पिकविण्यास किती दिवस लागले? उत्तर ऐकून मग घोट घ्या. तरीहि न रुचल्यास तसें नम्रपणें सांगण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. आईबापांनींहि मुलांस आग्रह करण्याऐवजीं ही चौकशी करावयास शिकवावें, असें आम्हांस वाटतें.